चढण, डोह आणि आवर्तन: नाशिकच्या नद्यांतील गळाच्या मासेमारीचा इतिहास

उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक महासागरांना मिळणाऱ्या नद्यांत जन्मलेला सॅमन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीकडे वळतो. शरद ऋतूत त्याचे थवे नदीमुखाशी, किनाऱ्यालगतच्या पाण्यात येऊन थांबतात, आणि हलकी काठी, बारीक दोरी व पाण्यात फिरताना चमकणारे धातूचे आमिष घेऊन काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या आटोक्यात हा मोठा मासा येतो. या पद्धतीला ‘स्पिनिंग’ म्हणतात. तिचे यश साधनापेक्षा वेळेवर अधिक अवलंबून असते, कारण मासा प्रवासाला निघालेला असेल तेवढ्याच काळात काठ आणि खोल पाणी यांतील अंतर मिटते. नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही आणि भारतातील कोणत्याही नदीत सॅमन चढत नाही. तरीही माशाच्या प्रवासाची वेळ साधून काठावरून गळ टाकण्याची रीत गोदावरी, दारणा, कादवा आणि गिरणा या नद्यांवर जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या रीतीला साजेसे हलके साधन युरोपात तयार झाले, आणि नेमक्या त्याच वर्षांत नाशिकच्या नद्यांवर बंधारे व धरणे उभी राहू लागली. साधन आले तेव्हा माशाची वाट अडली होती, आणि नाशिकमधील गळाच्या मासेमारीचे आजचे रूप या विसंगतीतून घडलेले आहे.

या रीतीचा पाया जिल्ह्याच्या भूगोलात आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडे निफाड आणि सिन्नर गाठेपर्यंत हे प्रमाण पाच-सहाशे मिलिमीटरपर्यंत उतरते. त्यामुळे ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आणि इगतपुरीच्या डोंगरांतून येणारी दारणा या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात खडकाळ पात्रातील सुट्या सुट्या खोल पाणसाठ्यांपुरत्या उरतात. या पाणसाठ्यांना डोह म्हणतात. नदीतील मोठे मासे वैशाखातील दिवस डोहात काढतात, आणि मृगाचा पाऊस सुरू होऊन ओढे-नाले वाहू लागले की अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतात. या प्रवासाला चढण आणि त्या दिवसांत मिळणाऱ्या माशांना चढणीचे मासे असे म्हटले जाते. घाटमाथ्यावर ते उथळ ओहोळांतून थेट भाताच्या खाचरांपर्यंत पोहोचतात. भाद्रपद सरला की पाणी ओसरते, मोठे मासे पुन्हा खालच्या डोहांकडे परततात आणि अश्विन-कार्तिकात नदीचे गढूळ पाणी निवळू लागते.

चढणीचा आणि परतीचा हा काळ मासेमारीच्या दृष्टीने सारखा नव्हता. चढणीच्या दिवसांत पाणी गढूळ आणि प्रवाह वेगवान असल्यामुळे गळापेक्षा सापळा आणि जाळे अधिक उपयोगी पडत असे. ओढ्याच्या अरुंद जागी दगडांचा आडोसा करून त्यात बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवला की वर चढणारा किंवा पाण्याबरोबर खाली येणारा मासा त्यात सापडे. गळाचा खरा हंगाम पाणी निवळल्यावर सुरू होई, कारण नजरेने भक्ष्य टिपणाऱ्या माशाला तेव्हा आमिष दिसू लागते आणि पावसाळ्यात अंडी घालून थकलेला मासा खाण्यासाठी आसुसलेला असतो. डोहाच्या तोंडाशी, जेथे वाहते पाणी खोल पाण्यात शिरते आणि अन्न वाहून आणते, तेथे तो काठाजवळ येतो. शरद ऋतू आणि किनाऱ्याजवळचे पाणी यांची सॅमनच्या बाबतीत पडणारी गाठ दख्खनच्या नद्यांवर वेगळ्या कारणांनी, पण जवळपास त्याच महिन्यांत पडत होती.

गळाने मासे धरण्याच्या या ज्ञानाची दख्खनमधील एक जुनी लेखी नोंद बाराव्या शतकातील आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आले आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांची राहण्याची ठिकाणे, प्रत्येकाला आवडणारे खाद्य, दोरी व काठी तयार करण्याची रीत आणि गळाला लागलेला मासा दमवून काठाशी आणण्याची कृती यांचा विचार केलेला आहे. सोमेश्वराने ११२६ ते ११३८ या काळात राज्य केले, आणि नाशिकचा प्रदेश त्या वेळी सेउणदेशाच्या यादवांकडे होता. हे यादव चालुक्यांचे मांडलिक असून आजच्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर हे त्यांचे आरंभीचे एक प्रमुख ठाणे होते. हा ग्रंथ नाशिकविषयी काही सांगत नसला तरी मासा ओळखून आमिष निवडणे आणि हिसका न देता दोरी सैल-ताठ करत राहणे ही गळाची मूलतत्त्वे दख्खनमध्ये आठ-नऊ शतकांपूर्वी शास्त्र म्हणून मांडली गेली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

राजाचा विनोद आणि पोटासाठी केलेली मासेमारी यांत अर्थातच अंतर होते. नदीकाठच्या गावांत मासेमारी मुख्यतः भोई आणि कोळी समाजांकडे होती; भोयांचा पालखी वाहण्याचा आणि नदीपार नेण्याचा व्यवसायही पाण्याच्या व वाटेच्या याच ज्ञानावर उभा होता. घाटमाथ्यावर महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि कोकणा या आदिवासी समाजांत मासे धरणे हा शेती व रानातील कामांना जोडून चालणारा उद्योग होता. व्यवसाय म्हणून मासेमारी करणाऱ्याचे मुख्य साधन जाळे होते, त्यातही हाताने गोल पसरून फेकायचे, कडेला शिसे लावलेले पाग हे जाळे. गळ हे पूरक साधन असे. बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेली सुताची किंवा सणाची दोरी, लोखंडी आकडा, दोरी तळाशी नेण्यासाठी शिशाचा तुकडा आणि आमिष म्हणून गांडूळ, झिंगा, नाकतोडा, कणकेचा गोळा किंवा काठावरच्या झाडाचे पिकले उंबर, एवढ्यावर काम भागत असे. या काठीला दोरी गुंडाळण्याचे चाक, म्हणजे रीळ, नव्हते. त्यामुळे दोरीची लांबी काठीच्या आसपास राही आणि मासा काठाशी येण्याची वाट पाहणे भाग पडे. रात्रभर पाण्यात सोडून ठेवायच्या लांब दोरीला अनेक गळ बांधण्याची पद्धतही होती, आणि वाम किंवा शिवडा यांसारख्या तळाशी फिरणाऱ्या माशांसाठी ती अधिक सोयीची होती. उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळ किंवा हिंगण यांसारख्या झाडांची फळे ठेचून टाकून मासे गुंगवण्याचा मार्गही माहीत होता, मात्र त्यात लहान-मोठा असा भेद राहत नसे.

एकोणिसाव्या शतकात या ज्ञानाची युरोपीय पद्धतीने नोंद होऊ लागली. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनमध्ये फिरलेले विल्यम हेन्री साइक्स यांनी येथील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, आणि नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना खुद्री, कोळस अशी स्थानिक मच्छीमारांकडून ऐकलेली नावेच लॅटिन रूपात वापरली. यांतील खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा आणि जोरदार प्रवाहात पोहण्याची ताकद असलेला हा मासा कृष्णा व गोदावरी या दोन्ही खोऱ्यांत आढळतो, स्वच्छ आणि प्राणवायूने समृद्ध पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात वर चढून वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. सॅमनप्रमाणे तो समुद्रात जात नाही, त्याचे सारे आयुष्य गोड्या पाण्यातच जाते. तरीही नदीच्या उलट दिशेने होणारा प्रवास आणि गळाला लागल्यावर केलेली झुंज यांमुळे ब्रिटिश अधिकाऱ्यांना त्यात आपल्या देशातील सॅमन दिसला. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि त्यातील मोठा भाग महाशीरला दिलेला होता. सॅमनसाठी वापरली जाणारी काठी, पितळी चमचा आणि गळाला लावून पाण्यात फिरवत ओढलेला लहान मासा ही आमिषे भारतीय नद्यांत कशी वापरावीत, याची चर्चा त्या पुस्तकामुळे रूढ झाली. चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष हे त्या वेळी तुलनेने नवे साधन होते. अमेरिकेतील ज्युलिओ ब्युएल यांनी त्याचे पेटंट १८५२ मध्ये घेतले होते.

छंद म्हणून गळ टाकणाऱ्या या वर्गाचा प्रभाव मासेमारीच्या कायद्यावरही पडला. भारतातील मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक फ्रान्सिस डे यांनी १८७३ च्या अहवालात बारीक आसाची जाळी, ओढे अडवून लावलेले सापळे आणि विषप्रयोग यांमुळे गोड्या पाण्यातील मासे घटत असल्याचे मांडले. पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम संमत झाला. त्याने पाण्यात स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे हा गुन्हा ठरवला, त्यासाठी दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली आणि बंधारे, स्थिर सापळे व जाळ्यांचा आस यांवर नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. या कायद्याच्या नजरेत माशाची वाट अडवणारा मुख्यतः ओढ्यावर दगड रचणारा गावकरी होता. त्यानंतर दहा वर्षांत नाशिकमध्ये सरकारच नद्या अडवू लागले, तेव्हा माशाच्या वाटेचा हा विचार मागे पडला.

नाशिकच्या बाबतीत गळाचा छंद आणि माशांची शास्त्रीय नोंद या दोन प्रवाहांची गाठ देवळालीजवळ पडलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला लष्करी छावणी वसली, रेल्वे थळ घाट चढून नाशिकपर्यंत पोहोचली आणि मुंबईहून येणाऱ्या सैनिक-अधिकाऱ्यांचा मोठा वावर दारणेच्या काठाशी सुरू झाला. याच दारणेतील माशांचा अभ्यास पुढे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी केला, आणि १९३८ मध्ये त्यांनी देवळाली येथून एका लहान, दगडांना धरून राहणाऱ्या माशाची नवी जात वर्णन केली. तिला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एस. एच. प्रेटर यांचे नाव देण्यात आले. मोठ्या माशांच्या मागे असणाऱ्या शिकारी छंदापासून लहान माशांच्या शास्त्रीय नोंदीपर्यंतचा हा प्रवास सोसायटीच्या नियतकालिकातून घडला, कारण तेथे शिकारी, मासे पकडणारे आणि शास्त्रज्ञ एकाच व्यासपीठावर लिहीत असत.

हलक्या साधनाचा खरा शोध मात्र १९०५ चा आहे. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील लोकरीचे व्यापारी आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ यांनी त्या वर्षी ज्या रिळाचे पेटंट घेतले, त्यात दोरी गुंडाळलेली फिरकी आमिष फेकताना फिरत नाही. दोरी फिरकीच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जाते. पूर्वीच्या रिळांत फेकलेल्या आमिषाच्या वजनाने संपूर्ण चाक फिरवावे लागे, म्हणून आमिष जड असणे आवश्यक होते आणि चाक थांबले नाही तर दोरीचा गुंता होई. नव्या रिळामुळे काही ग्रॅम वजनाचा चमचाही बारीक दोरीवर दूरवर फेकता येऊ लागला. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नायलॉन आले आणि महागड्या रेशमी दोऱ्यांच्या जागी एकाच तंतूची, पाण्यात न कुजणारी दोरी मिळू लागल्यावर हे साधन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. काठीच्या लांबीने बांधलेल्या नाशिकच्या गळाला डोहाच्या मध्यापर्यंत पोहोचवू शकेल असे हे साधन होते.

परंतु याच काळात डोह आणि प्रवाह या दोन्हींचे स्वरूप पालटले. दुष्काळी तालुक्यांना पाणी देण्यासाठी गोदावरी-कादवा संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा बांधण्याचे काम १९०७ मध्ये सुरू झाले आणि तेथून गोदावरीचे डावे व उजवे कालवे निघाले. त्या कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी दारणेवर धरण बांधले गेले. ते १९१६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयाला ब्रिटिश काळात लेक बील हे नाव होते. गिरणेवर चणकापूरचे धरण १९११ मध्ये उभे राहिले. नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा ठेंगणा असल्यामुळे महापुरात त्यावरून पाणी जात असे, म्हणून तेथील अडथळा पूर्ण नव्हता. दारणेची भिंत मात्र चढणीच्या माशाला ओलांडता येण्यासारखी नव्हती. अडथळ्याइतकाच महत्त्वाचा होता तो वेळापत्रकातील बदल. धरणातून कालव्यासाठी ठरावीक दिवस पाणी सोडले जाते, त्याला आवर्तन म्हणतात, आणि आवर्तन पिकाच्या गरजेनुसार हिवाळ्यात व उन्हाळ्यात सुटते. जेथे मृगात पूर आणि वैशाखात डोह असे चक्र होते, तेथे पावसाळ्याचे पाणी धरणात अडू लागले आणि डोहांच्या दिवसांत नदी वाहू लागली. माशाने ज्या खुणांवर प्रवास बांधला होता त्या खुणाच जागेवरून हलल्या.

स्वातंत्र्यानंतर हा बदल पूर्णत्वास गेला. नाशिक शहराच्या वरच्या अंगाला गोदावरीवरील गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. पुढील दशकांत करंजवण, वाघाड, पालखेड, मुकणे, काश्यपी, भावली यांसारखे प्रकल्प जिल्ह्याच्या पश्चिम भागात झाले, आणि खालच्या बाजूला पैठण येथे १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण होऊन गोदावरीच्या वरच्या खोऱ्याचा खालच्या नदीशी असलेला माशांचा संबंध जवळपास तुटला. वाहत्या नदीची जागा जलाशयांच्या साखळीने घेतली, आणि जलाशयात कोणता मासा असावा हा आता निसर्गाऐवजी मत्स्यखात्याच्या नियोजनाचा प्रश्न झाला. त्याचे तंत्रही याच सुमारास हाती आले. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात स्वतःहून प्रजनन करत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यांतून नुकतीच बाहेर आलेली पिल्ले, आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, मोठ्या प्रमाणावर तयार करून जलाशयांत सोडणे शक्य झाले. १९५२ मध्ये देशात आणलेला तिलापिया, ज्याला महाराष्ट्रात चिलापी म्हणतात, तो तर न सोडताच पसरत गेला.

या नव्या व्यवस्थेत मासेमारीचा हक्क जलाशयाच्या ठेक्याशी आणि मच्छीमार सहकारी संस्थांशी जोडला गेला, आणि गळ टाकणारा माणूस कडेला पडला. मासा आता ठरावीक ऋतूत काठाशी येणारा प्रवासी राहिला नाही. तो वर्षभर जलाशयात असणारा, सोडलेल्या बीजातून वाढलेला माल झाला, आणि असा माल काढण्यासाठी कल्ल्यांत अडकवणारी आडवी जाळी गळापेक्षा कितीतरी पटींनी कार्यक्षम असतात. फिरत्या आमिषाचाही उपयोग घटला. कटला पाण्यातील सूक्ष्म प्लवक गाळून खातो, रोहू आणि मृगळ वनस्पती व तळातील सडके पदार्थ खातात, त्यामुळे चमकत जाणाऱ्या धातूच्या तुकड्यामागे ते सहसा धावत नाहीत. परिणामी हलक्या, फिरत्या आमिषासाठी घडलेले रीळ नाशिकच्या धरणांवर कणीक किंवा शेंगदाण्याची पेंड तळाशी टेकवून ठेवण्यासाठी वापरले जाऊ लागले: फेक लांबची, पण आमिष स्थिर. चालत्या आमिषावर झडप घालणारा मरळ मात्र उथळ, वनस्पतींनी भरलेल्या पाण्यात टिकून राहिला, आणि गाळ साचत गेल्याने पाणथळ बनलेला नांदूर मध्यमेश्वरचा परिसर त्याला मानवला. स्पिनिंगची मूळ कल्पना जिल्ह्यात जेथे अर्थपूर्ण उरली ती या माशापुरती.

महाशीर परत आणण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने लोणावळा येथील टाटा वीज कंपन्यांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले आणि तेथील बोटुकली देशातील अनेक पाण्यांत सोडली गेली. पण त्या यशाची मर्यादा कर्नाटकात दिसली: कावेरीत सोडलेला दख्खनचा महाशीर तेथे इतका रुजला की त्या नदीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर मागे हटत गेला. बीज पुरवले म्हणजे नदीचा मासा परत मिळतो असे नाही, हा त्याचा अर्थ. याउलट जेथे डोह आणि प्रवाह दोन्ही राखले गेले तेथे मासा बीजाशिवायही टिकला. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या वाळणकोंड येथे देवीच्या नावाने राखलेल्या डोहातील महाशीर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. नाशिकची गोदावरी पावित्र्यात कोठेही कमी नाही, परंतु रामकुंड परिसरात पात्राचा तळ काँक्रीटने बांधला गेला आणि शहराचे सांडपाणी नदीला मिळत राहिले. श्रद्धेने पाण्याची पूजा राखली, माशाला लागणारा तळ आणि प्राणवायू मात्र राखला गेला नाही.

जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वरला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले आणि ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पक्ष्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या स्थळाच्या परिचयात अतिधोक्यातील प्रजाती म्हणून होरा आणि मिश्रा यांनी देवळालीहून वर्णन केलेल्या त्या लहान माशाचाही उल्लेख होतो. ज्या बंधाऱ्याने नदीचा प्रवाह बदलला, त्याच्याच मागे तयार झालेले पाणी आज संरक्षणास पात्र ठरले, आणि ज्या माशांना वाहते, गोट्यांवरून खळाळणारे पाणी लागते त्यांचा प्रश्न मात्र त्या संरक्षणाने सुटत नाही. नाशिकमधील गळाचा इतिहास म्हणूनच काठी, रीळ आणि आमिष यांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून लिहिता येत नाही. साधने दर पिढीला सुधारत गेली आणि पकडण्याजोगा मासा दर पिढीला बदलत गेला, कारण त्याचा निर्णय नदीतील पाणी कोणत्या महिन्यात वाहणार या प्रश्नाशी बांधलेला होता. त्या प्रश्नाचे उत्तर गेली शंभराहून अधिक वर्षे पाटबंधारे खात्याच्या आवर्तनाच्या वेळापत्रकात दिले जात आहे, आणि या मासेमारीचा इतिहासकार व तिचे भवितव्य ठरवू पाहणारा नियोजक या दोघांनाही मत्स्यखात्याच्या नोंदींआधी तेच वेळापत्रक उघडावे लागते.